खिशात दमडी नसताना रॅप: पहिल्या कडव्यापासून पहिल्या करारापर्यंत

रात्रपाळी संपल्यानंतर आणि झोप लागण्याआधी मिळणारा पाऊण तास, एवढाच माझा स्टुडिओ होता. फोनच्या काचेला तडा, इअरफोनचा एकच कान चालू आणि वहीत अर्धवट कडव्यांचा ढीग. ‘पैसे असते तर कधीच पुढे गेलो असतो’ हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. आता हिशेब मांडतो तेव्हा दिसतं की माइक नाही म्हणून माझं एकही गाणं अडलं नाही. नडल्या दोनच गोष्टी: गाणी पुरी केली नाहीत, आणि कागद न वाचता मान डोलावली.

तुमच्याही डोक्यात ओळी घुमत असतील आणि खिसा हलका असेल, तर खालच्या क्रमानं जा. मी क्रम उलटा धरला होता. आधी नाव, मग लोगो, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी गाणं.

या कलेचा जन्मही चणचणीतलाच आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं एक पार्टी ठेवली, ती शाळेच्या नव्या कपड्यांपुरते पैसे जमवायला. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लागला की लोक जास्त नाचतात हे त्यानं हेरलं होतं. म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा.

सुरुवातीला जवळ काय हवं

- चालणारा फोन किंवा जुना कॉम्प्युटर
- वायरवाले इअरफोन (ब्लूटूथ का नको ते पुढे येईल)
- दोन-तीन जाड चादरी, किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट
- वही. फोनमधल्या नोट्सपेक्षा वही बरी, कारण खोडलेली ओळ तिथेच राहते आणि पुढे कधीतरी कामाला येते
- स्वतःच्या नावाचं ओळखपत्र आणि बँक खातं. वय १८ पेक्षा कमी असेल तर घरातलं कुणी मोठं माणूस, जे कागदावर सही करेल
- फक्त गाण्यांसाठी वेगळा ईमेल, आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहिलेला
- प्रत्येक फाइल दोन ठिकाणी ठेवायची सवय

शेवटच्या मुद्द्याला हसू नका. माझा फोन पाण्यात पडला तेव्हा अकरा गाणी त्याच्याबरोबर बुडाली. त्यातली दोन चांगली होती, आणि नेमकी तीच मला आता आठवत नाहीत.

१. नोकरी सोडू नका, वेळ बांधून घ्या

‘सगळं सोडून उडी मारली’ ही गोष्ट ऐकायला झकास असते, कारण ती सांगणारा वाचलेला असतो. भाडं थकलं की माणूस वाटेल त्या कागदावर सही करतो. काम चालू ठेवा आणि रोज तीस ते चाळीस मिनिटं गाण्यासाठी बाजूला काढा, शक्यतो ठरलेल्या वेळी. महिन्याला एक गाणं पुरं करायचं. वाईट झालं तरी पुरं करायचं. अर्धवट वीस गाण्यांनी मला काही शिकवलं नाही. पुऱ्या केलेल्या चार वाईट गाण्यांनी मात्र पुष्कळ शिकवलं.

२. बार मोजायला शिका

चार ठोक्यांचा एक बार, आणि साधारण सोळा बारांचं एक कडवं. बीटचा, म्हणजे रॅपमागे वाजणाऱ्या संगीताचा, वेग ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके) असेल तर १६ बार म्हणजे ६४ ठोके, म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. आयुष्यभराची दुःखं त्यात मावत नाहीत. एकाच प्रसंगाला जागा आहे.

एका ठोक्याचे चार भाग करा. एका बारमध्ये सोळा घरं झाली. ९० च्या वेगात सगळी घरं भरायची तर सेकंदाला सहा अक्षरं तोंडातून निघायला हवीत. सराव केला तर निघतात, पण श्वास कधी घेणार? नवखा माणूस हमखास इथेच फसतो. कागदावर ओळ भारी दिसते आणि तिसऱ्या बारला दम संपतो. म्हणून लिहितानाच श्वासाच्या जागी एक छोटी उभी रेघ मारा. घर रिकामं सोडणं हेही लिहिण्याचंच काम आहे.

मराठीत लिहिणाऱ्याच्या वाटेत आणखी एक खड्डा असतो. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे ‘चालतो, बोलतो, डोलतो’ अशी यमकं फुकट मिळतात, आणि ऐकणाऱ्यालाही ती फुकटचीच वाटतात. क्रियापद आधी आणा, नाम शेवटी सरकवा. ‘मी पहाटे रिकाम्या खिशानं घरी येतो’ हे सरळ वाक्य आहे. तेच असं वळवून पाहा:

येतो पहाटे घरी, झाडत रिकामे खिसे
स्वप्नांना फुटली होती, गळाली निकामी पिसे

ओळी काही थोर नाहीत, पण ‘रिकामे खिसे’ आणि ‘निकामी पिसे’ यांत नुसतं शेवटचं एक अक्षर नाही, पाचच्या पाच अक्षरं एकमेकांना धरून आहेत. लांब यमक ते हेच. नेहमी पूर्ण जुळायलाही हवं असं नाही. ‘भाडं’ आणि ‘टाळं’ यांत स्वर जुळतात, व्यंजनं नाही, तरी कानाला चालतं. जोडाक्षरांपासून मात्र जपून. ‘कर्तृत्व’, ‘प्रत्यक्ष’ असले शब्द कागदावर वजनदार दिसतात आणि वेगात जीभ अडकवतात. तोंडानं दहा वेळा न अडखळता म्हणता आली तरच ती ओळ ठेवायची.

सरावासाठी फोनवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगानं टिकटिक करणारं अॅप) लावा आणि जुनं कडवं त्यावर म्हणा, आधी ७० वर, मग ८०, मग ९०. कंटाळवाणं आहे. मी दोन वर्षं टाळलं आणि दोन वर्षं तालाच्या मागे धावत राहिलो.

३. हाल सांगा, पण तुमचे आणि नेमके

‘मी गरिबीतून वर आलो’ ही ओळ कुणाचीही असू शकते. घरमालकाच्या चपलांचा आवाज ओळखून दिवा मालवणं, ही ज्याच्या घरी झाली त्याचीच. देणेकऱ्याचा फोन येणार म्हणून दिवसभर विमान मोडवर ठेवलेला मोबाइल. मुलाखतीला जाताना मित्राचे एक नंबर मोठे बूट आणि पुढे कोंबलेला कागद. असे तपशील आधी वहीत नुसते टिपून ठेवा, यमकाच्या मागे न लागता. गाणं लिहायला बसाल तेव्हा त्यातला एकच उचला.

आता जरा अवघड गोष्ट. तुमचे हाल क्वचितच एकट्याचे असतात. मी वडिलांच्या दारूवर एक कडवं लिहिलं आणि चार लोकांसमोर म्हटलं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बहीण म्हणाली, ‘दादा, हे तुझ्या एकट्याचं होतं का रे?’ त्यानंतर नियम केला: जिवंत माणसाची लाज गाण्यात आणायची असेल तर आधी त्यालाच ऐकवायचं. नको म्हणाला तर नाव, नातं, जागा बदलायची, नाहीतर ते कडवं वहीतच ठेवायचं. वडिलांना मी आजवर ऐकवलेलं नाही. ते कडवं वहीत आहे.

दुसरी खबरदारी: न केलेले गुन्हे अंगावर घेऊ नका. बंदूक, टोळी, माल हे सगळं तुम्ही पाहिलंच नसेल तर ते ऐकणाऱ्याला कळतं. आणि हा प्रश्न नुसत्या खऱ्याखोट्याचा नाही. अमेरिकेत रॅपच्या ओळी फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून मांडल्या गेल्या आहेत, इतक्या की कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये त्यावर बंधनं घालणारा कायदा केला.

४. घरीच रेकॉर्ड करा

फोनवर काम होत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला स्टीव्ह लेसी या अमेरिकन संगीतकाराचं नाव सांगा. त्यानं आयफोनमधल्या गॅरेजबँड या संगीताच्या अॅपवर बीट बनवल्या, आणि रॅपर केंड्रिक लमारच्या २०१७ च्या अल्बममधल्या एका गाण्यातही त्याचं काम आहे. त्या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. रेकॉर्डिंगसाठी तुमच्या फोनवर बँडलॅब आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी मोफत मिळतं. शिकायला तेवढं पुरे.

पैसे माइकवर घालण्याआधी खोलीचा बंदोबस्त करा. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि गाण्याला बादलीत बोलल्यासारखा घुमारा चढतो. तो नंतर धड काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून गा, मागे चादर टांगा. बाथरूममध्ये आवाज गोड लागतो म्हणून तिथे रेकॉर्ड करू नका. तिथला सगळा गोडवा घुमाऱ्याचा असतो.

माइकपासून साधारण एक वीत अंतर ठेवा. आपल्या ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ मधून हवेचा झोत निघतो आणि माइकवर धप्प असा आवाज येतो. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला तिरका धरा. तारेच्या कड्यावर जुना पातळ मोजा ताणून समोर लावला तर आणखी बरं. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी सर्वांत जोरकस ओळीलाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ती लाल झाली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

ब्लूटूथचं कोडं आता सोडवतो. बिनवायरच्या इअरफोनमध्ये आवाज कानापर्यंत यायला अनेकदा शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो. ९० च्या वेगात आपल्या सोळा घरांतलं एक घर सुमारे १६७ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे तुम्ही अचूक गायलात तरी रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ एक घर मागे पडता. मला ताल नाही असं मी सहा महिने समजत होतो. ताल होता, वायर नव्हती.

पुढे कधी माइक घ्यायचाच झाला तर साध्या खोलीसाठी डायनॅमिक प्रकारचा घ्या, तो आजूबाजूचे आवाज कमी टिपतो. कंडेन्सर माइक खोलीतला पंखा, शेजारचा टीव्ही, सगळं टिपतो, आणि बहुतेकांना ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, म्हणजे आणखी एक डबा विकत घेणं आलं.

५. बीट कुणाची आहे ते आधी विचारा

ही पायरी दोनदा वाचा. माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं.

इंटरनेटवर ‘फ्री बीट’ लिहिलेलं दिसतं तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘पैसे न कमावता वापरायला फुकट’ एवढाच असतो. मी तशीच एक बीट उतरवून घेतली, त्यावर माझं तोवरचं सर्वांत चांगलं गाणं केलं आणि टाकलं. लोक ऐकू लागले, आणि मग दावा आला. बीट बनवणाऱ्यानं दरम्यान तिचे पूर्ण हक्क दुसऱ्याला विकले होते. गाणं उतरवावं लागलं. चूक त्याची नव्हती. वर्णनात सगळं लिहिलेलं होतं, मी फक्त नाव वाचलं होतं.

बीट घेण्याचे मुख्य प्रकार दोन. लीजमध्ये बीट भाड्यानं मिळते. तीच बीट आणखी दहा जणांकडे असू शकते, आणि किती वेळा ऐकली जाईल किंवा किती वर्षं वापरता येईल याला मर्यादा असते. एक्सक्लुझिव्हमध्ये ती पुढे फक्त तुम्हालाच मिळते, पण महाग पडते, आणि आधी लीजवर घेतलेल्यांची गाणी तशीच राहतात. सुरुवातीला लीज पुरते. पैसे देण्याआधी इतकं पाहा: मर्यादा किती, मुदत किती, व्हिडिओला परवानगी आहे का, कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) नोंदवायला मनाई आहे का, आणि गीताच्या हक्कात बीटवाल्याचा वाटा किती. पावती आणि परवान्याचा कागद दोन्ही जपून ठेवा.

सगळ्यात उत्तम मार्ग म्हणजे तुमच्याइतकाच कडका असलेला बीट बनवणारा शोधणं. दोघांनाही गरज असते. पण त्याच दिवशी कागदावर लिहा: गाण्याचं नाव, तारीख, कुणी काय केलं, कुणाचा किती टक्के, बेरीज १००, खाली दोघांच्या सह्या. याला स्प्लिट शीट म्हणतात. दोस्तीत कागद कशाला, असं वाटेल. दोस्ती टिकावी म्हणूनच.

जुन्या गाण्याचा तुकडा कापून बीटमध्ये घालणं, म्हणजे सॅम्पलिंग, परवानगीशिवाय करू नका. ‘काही सेकंद चालतात’ हा समज खोटा आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्धच्या निकालाची सुरुवातच न्यायाधीशांनी ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेनं केली होती.

६. गाणं बाहेर काढा

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात, आणि गीत-संगीत. डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं स्पॉटिफाय वगैरे ठिकाणी पोचवतो आणि मास्टरचे पैसे आणून देतो. गीत-संगीताचे पैसे हक्कवसुली करणाऱ्या संस्थेकडून येतात आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. अनेक जण फक्त पहिलं करतात.

नाव ठरवण्याआधी सगळीकडे शोधून पाहा. त्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं. मुखपृष्ठ चौरस हवं, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा कुणाचा लोगो नको. प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळख म्हणून बारा अक्षरी-अंकी आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर हाच क्रमांक पुन्हा द्यायचा, नाहीतर ऐकणाऱ्यांची मोजणी शून्यापासून सुरू होण्याची भीती.

तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रदर्शनाआधीच पाठवता येतं, आणि ते किमान सात दिवस आधी पाठवलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. मी तीन गाणी मध्यरात्री उत्साहाच्या भरात टाकली. सकाळी ऐकणारे दोघं होते, त्यांतला एक मी.

पैशांबद्दल आशा माफक ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळाही ऐकलं न गेलेलं गाणं मास्टरचे पैसे कमावत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्यांच्याबरोबर वर्षात ४,००० तास पाहिलेले व्हिडिओ किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना (छोट्या व्हिडिओंना) १ कोटी व्ह्यूज.

आणि हे आकडे वाचून कुणी ‘दहा हजार स्ट्रीमची हमी’ विकायला आला तर त्याला हाकला. ते ऐकणारे माणसं नसतात. बनावट ऐकणं पकडलं गेलं की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड करतं, डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं काढतो, आणि कोण खरं कोण खोटं हे सांगत बसायला तुम्हाला कुणी दारात उभं करत नाही.

७. लोकांसमोर उभे राहा

ओपन माइक आणि सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीनं रॅप करणं, यांना पैसे लागत नाहीत. जाताना बीट पेनड्राइव्हवरही न्या आणि फोनवरही, आणि फोन विमान मोडवर टाका. माझ्या दुसऱ्याच कार्यक्रमात बीटच्या मध्ये आईचा फोन वाजला होता. माइकची जाळी मुठीत धरू नका. दिसायला रुबाबदार, पण आवाज गुदमरतो आणि स्पीकर किंचाळतो. ‘आधी इतकी तिकिटं विकून दे, मग स्टेज देतो’ म्हणणाऱ्या आयोजकाला नम्र नकार द्या.

८. करार समोर आला की

गाणी बरी झाली की कुणीतरी कागद घेऊन येतं, आणि नेमकं हातात पैसे नसतानाच येतं. अॅडव्हान्स मिळाला की बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. ती उचल असते. तुमच्या वाट्यातून ती फिटेपर्यंत पुढचं काही हाती पडत नाही, आणि स्टुडिओ, व्हिडिओ, प्रवास हे खर्चही अनेकदा त्याच उचलीत चढवले जातात.

कागदात पाच गोष्टी शोधा आणि खाली रेघ मारा: मास्टर कायमचा जातोय की ठरावीक वर्षांसाठी. किती गाणी द्यायची. मुदत वाढवायचा अधिकार एकट्या कंपनीलाच आहे का. कार्यक्रम, कपडे, जाहिरात यांतल्या कमाईतही त्यांचा वाटा आहे का (त्याला ३६० करार म्हणतात). आणि हिशेब तपासायचा हक्क तुम्हाला आहे का. यांतलं एकही कलम समजलं नाही तर सही करायची नाही. वकील परवडत नसेल तर कायदा शिकणारा ओळखीचा विद्यार्थी शोधा, किंवा मोफत कायदेशीर सल्ला मिळतो तिथे जा.

मला आलेल्या पहिल्या कागदात मास्टर कायमचा त्यांचा होता आणि उचल तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. समोरचा गृहस्थ म्हणाला, ‘आजच्या दिवसापुरतीच ऑफर आहे.’ मी म्हटलं, वाचून उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी फोन मीच केला, त्यांनी उचलला नाही. भाडं तेव्हाही थकलेलंच होतं. ती गाणी अजून माझ्या नावावर आहेत.